इसम एक कमी

त्या सोमवारी सहदेव मास्तर गप्प राहिले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं लोधिवलीतला कुणीही सांगेल. आणि मास्तरांचा स्वभाव पाहता ते गप्प राहणं शक्यच नव्हतं, हेही तोच माणूस लगेच पुढच्या वाक्यात सांगेल.

साल चव्वेचाळीस. लढाई लांब कुठंतरी चालली होती, पण साखर आणि रॉकेल मात्र इथं कार्डावर आलं होतं. मास्तरांचा एकुलता एक मुलगा जनार्दन, ज्याला अख्खं गाव पाळण्यातल्या दिवसापासून जनाच म्हणत आलं, तो पलटणीत भरती होऊन शिक्षणासाठी बेळगावच्या अंगाला गेला, त्याला वीस दिवस झाले होते. या वीस दिवसांत मास्तरांनी दुःखाचा म्हणून एक शब्द उच्चारला नव्हता. लोकल बोर्डाच्या शाळेत बावीस वर्षं शिस्तीवर बोललेला माणूस. त्यानं ओसरीवर बसून डोळे पुसणं बरं दिसलं नसतं. जनाचं पहिलं पत्र आलं तेव्हा मास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, लाल शाईनं त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका दुरुस्त केल्या, आणि दुरुस्त प्रत उलट टपालानं जनाला रवाना केली. बायकोनं, सुंदराबाईनं, त्यावर दोन दिवस अबोला धरला. तिला ते पत्र उशाशी ठेवायचं होतं.

अबोल्यामुळे घर आणखी रिकामं झालं. मग मास्तरांनी वाचन वाढवलं. पंचांग झालं. जुन्या क्रमिक पुस्तकांच्या प्रस्तावना झाल्या. सर्दीच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी झाली. आणि एका संध्याकाळी वाचायला काहीच उरलं नाही म्हणून त्यांनी रेशन कार्डाची मागची बाजू वाचली.

पंचक्रोशीत कार्डाची मागची बाजू वाचलेला हा पहिलाच माणूस. छापणाऱ्यानं तरी ती वाचली असेल की नाही, शंका आहे. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत नियम होते आणि सातवा नियम असा होता : 'कुटुंबातील इसम कमी झाल्यास आठ दिवसांचे आत वर्दी देणेची आहे.'

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. वीस वजा आठ, बारा. बारा दिवस आपण सरकारचे गुन्हेगार म्हणून उजळ माथ्यानं हिंडतो आहोत!

सोमवारी चौक गावात पोपटशेठच्या दुकानात साखरेची रांग होती. मास्तरांचा नंबर आला, शेठनं तिघांची साखर तोलायला घेतली, आणि मास्तरांनी, वर्गात शेवटच्या पोरापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, जाहीर केलं :

"शेठ, तिघांची नको. आमच्या घरातला एक इसम कमी झाला आहे."

मागं रांगेत लोधिवलीचीच सोनुबाई उभी होती. मास्तरांच्या शेजारची, मनानं चांगली, पायांनी चपळ. तिला 'इसम' कळला नाही, पण 'कमी झाला' हे कळलं. घरात तिघं, त्यातला एक लढाईच्या धंद्यात. रॉकेलची बाटली शेठच्या फळीवर तशीच टाकून ती पळत सुटली.

मास्तरांच्या उजव्या पायाच्या तळव्याला कुरूप होतं, चाल धीमी. ते चौकहून घरी पोचेपर्यंत अंगणात चौदा माणसं जमली होती. समोरच्या घरचा भिवाजी शेत टाकून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. सोनुबाईनं ओटीवरच गळा काढला होता. सुंदराबाई मागच्या पडवीत भात कांडत होती. ती मुसळ हातात घेऊनच बाहेर आली.

"काय झालं गं सोनू? कोन गेलं?"

सोनुबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि आणखी मोठ्यानं रडू लागली. भिवाजीनं मान खाली घातली. सुंदराबाईनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिच्या हातातलं मुसळ सुटलं.

नेमके तेव्हाच मास्तर, दोघांच्या साखरेची पुडी घेऊन, अंगणात आले. बायकोच्या चेहऱ्यावर त्यांनी त्या वेळी जे पाहिलं, ते पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. पुडी तिथंच ठेवून ते तिच्याकडं धावले आणि ओरडले, "अगं, जना बरा आहे! बरा आहे जना! मी कार्डाचं बोललो!"

उलगडा व्हायला अर्धा तास लागला. गाव खूश होण्याऐवजी नाराज झालं; एवढ्या लगबगीनं आलेल्या माणसांची फसगत झाल्यासारखं झालं.

"मास्तर, तुमी सरळ बोलत जा बगू," भिवाजी म्हणाला. "पोराला इसम कशाला म्हनायचं? मी रोप लावायचं सोडून आलो."

रडायला आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं? चहा झाला. चौदा माणसांच्या चहात दोघांची पंधरा दिवसांची साखर बसली.

माणसं गेल्यावर सुंदराबाई चुलीपुढं बसून राहिली. मग म्हणाली, "त्याचं नाव कापायचं नाय."

"अगं, नियम आहे. सातवा—"

"नेम तुमच्या शाळंत. घरात दोनच मानसं उरल्यात. कागदावर तरी तिघं असू द्या."

मास्तरांनी कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि ते फळीवर ठेवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच एका छापील नियमाकडं पाठ फिरवायची त्यांनी मनाची तयारी केली. त्या निश्चयानं त्यांना थकवा आला आणि ते लवकर झोपले.

पण आपण सोडलं म्हणून सरकार थोडंच सोडतं! पुढच्या पंधरवड्याला मास्तर मुकाट्यानं रांगेत उभे राहिले, तेव्हा पोपटशेठनं कार्ड परत केलं.

"गुरुजी, माफी करा. तुम्ही चारचौघांत बोललात. आता तिघांचं दिलं तर मी आत जाणार. दोघांचं द्यावं तर कार्डावर तीन. कचेरीतून दुरुस्त करून आणा. तोवर कार्ड बंद."

"अहो, मागच्या खेपेला दोघांचं दिलंत की!"

"तेव्हा मी दुःखात होतो," पोपटशेठ म्हणाला. "मलाही वाटलं, जना गेला."

असं कार्ड बंद झालं. साखर नाही, रॉकेल नाही. मास्तरांचं घर दिवस असताना जेवू लागलं, आणि गुळाच्या चहानं मास्तरांचं पोट बिघडलं. सल्ल्यांचा मात्र तुटवडा नव्हता, ते कार्डावर नव्हते. सोनुबाईचं मत पडलं की साखरेनं दात किडतात, बरंच झालं. भिवाजी रोज सकाळी दात घासत यायचा आणि नवी युक्ती सांगायचा.

"सांगा, पोरगं परत आलं."

"दाखवा म्हणतील."

"माजा कमळ्या उभा करू. उंचीला जनाएवढाच हाय."

"भिवाजी, तो तिरळा आहे."

"कार्डावर डोळ्यांचं काय लिवलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. मास्तरांनी खात्री करून घेतली, आणि आपण खात्री करून घेतली याची त्यांना दिवसभर लाज वाटली.

शेवटी त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि कचेरी गाठली. गाठली म्हणणं सोपं आहे. पेट्रोल लढाईवर गेल्यामुळं मोटारी कोळशाच्या धुरावर चालत होत्या. मोटारीच्या पाठीला एक भट्टी, भट्टीला फुंकर घालायला एक माणूस, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून मागून ढकलायचं, वर भाडंही आपणच द्यायचं. मास्तर कचेरीत शिरले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत काळं होतं, आणि शिपायानं त्यांना "कोळसेवाले मागच्या दारानं" असं सांगितलं.

पुरवठ्याचे कारकून टिपणीस भाऊसाहेब पन्नाशी उलटलेले, वाळलेले गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांचा दीड पानी अर्ज वाचला. त्यातल्या सुरेख अक्षराचं कौतुक केलं. मग विचारलं, "मुलगा पलटणीत आहे याला पुरावा?"

"मी सांगतो ना."

"तुम्ही वडील आहात, गुरुजी. तुमचं सांगणं म्हणजे ऐकीव माहिती. भरतीचा कागद?"

"तो त्यानं बरोबर नेला."

"मग तिथल्या साहेबाचा दाखला आणा."

मास्तरांनी साहेबाला पत्र लिहिलं. शुद्ध मराठीत, कारण इंग्रजी त्यांना पत्त्यापुरतंच येत होतं. पाच आठवडे गेले. भिवाजीचं म्हणणं पडलं की गोऱ्या साहेबाला मास्तरांचं मराठी समजायला तेवढे दिवस लागणारच. "आमाला अजून समजत नाय," तो म्हणाला. मग एक लांबट लखोटा आला. आतला कागद इंग्रजी, टंकलेला. तो वाचायला सुंदराबाईच्या भावाला, नागूला, बोलावणं गेलं. नागू भिवपुरीच्या वीजघरात कामाला होता आणि तिथल्या पाट्या वाचून वाचून त्याचं इंग्रजी चांगलं झालं होतं, असा त्याचा स्वतःचा समज होता. त्यानं कागद दोनदा खालीवर वाचला.

"यात असं हाय दाजी, की तुमचं पत्र पोचलं. या नावाचा मानूस आमच्याकडं हाय का नाय, हे लढाईमुळं सांगता येत नाय."

"आणि खाली?"

"खाली म्हनतोय, तो खुशाल हाय."

मास्तर विचारात पडले. "जो आहे की नाही तेच सांगता येत नाही, तो खुशाल कसा असेल? व्याकरणदृष्ट्या कर्ताच नाही या वाक्याला."

"कर्त्याला घाला चुलीत," सुंदराबाई म्हणाली. "नागू, शेवटची वळ पुन्हा वाच."

नागूनं ती वाचली. तिनं पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा तो मराठी न करता इंग्रजीतच वाचू लागला, तरी ती तेवढ्याच मनानं ऐकत होती. मग तिनं कागदाची घडी करून चोळीत ठेवली. कचेरीत न्यायला मास्तरांना तो तिच्याकडून मागून घ्यावा लागला.

"परत आनाल ना?"

"आणीन."

दुसऱ्या खेपेला मोटार चढावर बंद पडली ती पडलीच. उरलेला दीड कोस मास्तर चालत गेले. कुरूप ठणकत होतं. सगळ्याचाच वीट आला होता : कार्डाचा, कचेरीचा, गुळाच्या चहाचा, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या खरेपणाचासुद्धा. एवढं चालून आपण नक्की काय मिळवायला निघालो आहोत? पोटच्या पोराचं नाव कमी करायला. त्यासाठी विनवण्या करतो आहोत.

टिपणीसांनी साहेबाचा कागद वाचला आणि सुस्कारा सोडला.

"गुरुजी, हा काही दाखला नव्हे. बरं, आपण दुसरीकडून पाहू." त्यांनी जाडजूड रजिस्टर उघडलं. "इसम कमी होण्याची सरकारमान्य कारणं तीन. मयत, स्थलांतर आणि विवाह. स्थलांतराला नव्या गावच्या कचेरीचा शिक्का लागतो. तिथं त्याचं कार्ड निघालंय का?"

"पलटणीत कार्ड नसतं. पंगत असते."

"मग स्थलांतर बाद." टिपणीसांनी टाक दौतीत बुडवला आणि पान हवंय का विचारावं तशा सुरात विचारलं, "मयत लिहू? कागदोपत्री हो, नुसतं. दोन पंचांच्या सह्या पुरतात. रजेवर आला की पुन्हा वाढवून घ्या. जन्म म्हणून."

मास्तर उठले. त्यांनी रजिस्टराच्या पानावर पालथा हात ठेवला.

"टाक खाली ठेवा, भाऊसाहेब."

आवाज तोच, शेवटच्या पोरापर्यंत पोचणारा. दारातल्या शिपायानं तोंडातली विडी काढली.

"त्याच्या आईनं हे एकदा ऐकलंय," मास्तर म्हणाले. "माझ्याच मूर्खपणामुळं. तिचं तोंड मी पाहिलंय. पुन्हा ते कुणी लिहायचं नाही. खोटंसुद्धा नाही. तुमची साखर ठेवा. रॉकेल ठेवा. मी... आम्ही अंधारात..."

पुढचं वाक्य पुरं झालं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुरी करून घेणारा माणूस मधेच अडकला, बाकावर बसला आणि खांद्यावरचं उपरणं तोंडाशी धरून रडू लागला. भर कचेरीत, काळ्या धोतरानं, पंचवीसेक लोकांसमोर.

टिपणीस टाक हातात धरून बसले होते. त्यांनी तो हळूच दौतीत ठेवला. शिपायाकडून पाणी मागवलं. मास्तरांचं पिऊन होईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

"माझी मुलगी मागल्या वैशाखात गेली," ते म्हणाले. "नागपूरच्या पलीकडं दिली. पत्र येतं. खुशाल आहे म्हणून लिहिते. तेवढंच लिहिते." त्यांनी रजिस्टरावर बोट ठेवलं. "तिचं नाव मीच कमी केलं, याच रजिस्टरात. हात चालत नव्हता."

मग टिपणीसांनी मास्तरांचं कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"हे कुणी लिहिलं? 'जना, वय एकोणीस, नाते अपत्य.' मुलगा की मुलगी, काहीच नाही."

"तलाठ्यानं. जनार्दन लिहा म्हटलं होतं मी. जागा नाही म्हणाला."

"बरं झालं नाही म्हणाला." टिपणीसांनी टाक उचलला आणि मास्तरांना काही समजायच्या आत रजिस्टरात, मग कार्डावर, दोन ओळी लिहून शिक्का मारला. मास्तरांनी कार्ड हातात घेऊन वाचलं. 'जना. विवाह होऊन सासरी गेल्याने कमी.'

"अहो, हे खोटं आहे!"

"गुरुजी, एकोणीस वर्षांचं लेकरू तुमच्या घरातून दुसऱ्यांच्या घरी गेलं. तिथं पहाटे उठायचं, सांगतील ते करायचं, उलट बोलायचं नाही, आणि पाठवतील तेव्हाच माहेरी यायचं." टिपणीसांनी रजिस्टर मिटलं. "यात खोटं कुठलं ते अर्जानं कळवा. अक्षर तुमचं छान आहे."

मास्तर अर्ज करणार नव्हते. ते चालत घरी आले. वाटेत ती मोटार त्याच चढावर उभी होती, आणि तिला दहा माणसं ढकलत होती. मास्तरांनीही काही न बोलता हात लावला.

सुंदराबाई दारातच होती. "कापलं?"

"कापलं."

ती वळून आत गेली. मास्तर ओसरीवर बसले, तळव्याकडं पाहत. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "काय म्हनून?"

मास्तरांनी घसा खाकरला. "लग्न होऊन सासरी गेल्याने."

आत भांडं वाजलं. मग एक बारीक आवाज आला, तो रडण्याचा असावा असं वाटून मास्तर उठले, आणि दारात जाऊन पाहतात तर सुंदराबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता ती खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती.

"अवं, मंग आनाया कवा जानार?" ती म्हणाली. "पोर सासरी गेली तर बापानं नको का जायला?"

साहेबाचा कागद मास्तरांनी तिच्या हातात परत ठेवला. त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा नीट बोलणं सुरू झालं.

आणायला जावं लागलं नाही. दिवाळीच्या आधी जना आपणच आला, आठ दिवसांच्या रजेवर. त्यानंतर बोटीनं जायचं होतं; कुठं, ते सांगायची बंदी होती, आणि त्यालाही माहीत नव्हतं. डोकं भादरलेलं, मान काळी पडलेली, छाती पुढं. सोनुबाई त्याला पाहून पुन्हा रडली. भिवाजीनं त्याला "काय सासुरवाशीन!" म्हणून हाक मारली आणि गावानं आठही दिवस तेच नाव चालवलं. जना लाजत होता, पण चिडला नाही. पूर्वी चिडला असता.

पहिल्या सकाळी मास्तर उठून पाहतात तर जनाचं अंथरूण उचललेलं. नुसतं उचललेलं नव्हे. ती घरातली जुनी, ठिगळांची, गाठी झालेली वाकळ. तिची त्यानं विटेसारखी चौकोनी घडी केली होती. चारी कडा सरळ. वर एक सुरकुती नाही. मास्तरांनी एकोणीस वर्षं या एका गोष्टीसाठी घसा कोरडा केला होता. घरातली शिस्तीवरची सगळी भाषणं मुळात याच वाकळीवरून सुरू झाली होती. आणि कुणा एका हवालदारानं, ज्याला बहुधा सहीसुद्धा येत नसेल, हे चार महिन्यांत करून दाखवलं होतं.

"कसं करतात रे हे?" शेवटच्या दिवशी मास्तरांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"बसा, आबा. टोकाला टोक. नाय, तसं नाय, आधी लांबीला." मास्तरांची घडी एका अंगाला फुगली. जनानं ती झटक्यात मोडली आणि ओरडला, "फिरसे!"

ओसरी हादरली. सुंदराबाई आतून धावत आली. जनानं जीभ चावली, वडिलांच्या पायांना हात लावला, आणि मास्तरांनी त्याचा हात धरून ठेवला.

"नाही, बरोबर आहे," ते म्हणाले. "चुकलंच होतं."

दुसऱ्या दिवशी गाव त्याला चौकच्या रस्त्यापर्यंत सोडायला गेलं. तो गेला. या खेपेला तर किती काळासाठी, हे कार्डावर लिहायलाही कुणाला सुचलं नसतं.

तिसऱ्या सकाळी सुंदराबाई सडा घालून आत आली, तेव्हा मास्तर ओसरीवर ती वाकळ पसरून बसले होते. शाळेची वेळ होत आली होती. टोकाला टोक लागत नव्हतं. त्यांनी घडी केली, डोकं तिरकं करून पाहिलं, मोडली, पुन्हा केली, पुन्हा मोडली. कितव्यांदा ते तिला कळलं नाही.

ती बादली ठेवून समोर बसली, आणि तिनं वाकळीचं दुसरं टोक धरलं.